अश्वशक्तीचा जमाखर्च

जपानच्या निस्सान कंपनीने १९८९ साली ‘स्कायलाइन जीटी-आर’ या मोटारीची आर३२ या नावाने ओळखली जाणारी आवृत्ती विक्रीस आणली. या मोटारीच्या एंजिनावर, टर्बोचा दाब नियंत्रित करणाऱ्या रबरी नळीत, एक बारीक छिद्राचा लहानसा तुकडा बसविलेला असतो. तो काढून टाकला की टर्बोचा दाब ०.७ बारच्या आसपासून वाढून ०.९ बारच्या आसपास जातो. बार म्हणजे जवळजवळ एका वातावरणाचा दाब. एंजिनात शिरणारी हवा त्यामुळे सुमारे बारा टक्क्यांनी वाढते आणि तिच्याबरोबर शक्तीही वाढते. या कामास थोडा वेळ लागतो; पैसा मात्र लागत नाही.

फुकट मिळणाऱ्या शक्तीचा मोह कोणास होणार नाही? परंतु निसर्गाच्या बाजारात उधारी चालते, फुकटेपणा चालत नाही. आज न दिलेली किंमत पुढे व्याजासह द्यावी लागते. ही किंमत कोणती, ती यंत्राच्या कोणत्या भागाला द्यावी लागते, आणि शहाण्या मालकाने आपल्या खर्चाचे अंदाजपत्रक कोणत्या क्रमाने आखावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. मोटार परदेशातील असली तरी तिच्यामागील हिशेब पदार्थविज्ञानाचा आहे.

शिल्लक बळाची आशा

या मोटारीच्या एंजिनाचे नाव आरबी२६डीईटीटी असे आहे. त्याचे सहा सिलिंडर एका ओळीत असून त्यांचे एकूण आकारमान २,५६८ घन सेंटिमीटर आहे. हा आकडा सहजगत्या ठरलेला नाही. त्या काळच्या ‘ग्रुप ए’ शर्यतींच्या नियमांप्रमाणे टर्बो एंजिनाचे आकारमान १.७ ने गुणून मोटारीचा वर्ग ठरविला जाई. २,५६८ ला १.७ ने गुणिले असता सुमारे ४,३६६ येतात. म्हणजे हे एंजिन ४,५०० च्या वर्गात बरोबर बसते. या योजनेचे फळही मिळाले. जपानच्या टूरिंग मोटारींच्या अजिंक्यपद स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार वर्षांत झालेल्या सर्व २९ शर्यती आर३२ ने जिंकल्या.

शर्यतीच्या एंजिनांतून ५०० हून अधिक अश्वशक्ती काढीत असत. दुकानात मिळणाऱ्या मोटारीची जाहीर शक्ती मात्र २८० होती. कारण २८० च्या वर न जाण्याचा संकेत जपानी कारखानदार आपसांत पाळीत होते. तो संकेत २००४ साली सुटला. तेव्हा या एंजिनाच्या अंगी बरेच बळ शिल्लक आहे ही मालकांची समजूत खोटी नव्हे. पण शर्यतीच्या एंजिनाचे आतील भाग निराळे असत आणि ते वरचेवर उघडून पुन्हा नवे केले जाई, ही गोष्ट आशेच्या भरात विसरली जाते.

हवेचा व्यापार

एंजिनाची शक्ती पेट्रोलातून येते, हे आपण जाणतो. परंतु पेट्रोल ओतणे सोपे असते. ते जाळण्यास लागणारी हवा आत घेणे कठीण असते. चार फेऱ्यांच्या एंजिनात भुजादंडाच्या दर दोन आवर्तनांत प्रत्येक सिलिंडर एकदा भरतो. आपले एंजिन मिनिटाला ६,८०० आवर्तने करीत असता, सिलिंडर पूर्ण भरतात असे धरले, तर ते दर सेकंदास सुमारे १४५ लिटर हवा ओढते. ३० अंश सेल्सियसला या हवेचे वजन सुमारे १७० ग्रॅम भरते. एंजिन न वाढविता याहून अधिक हवा हवी असेल, तर ती दाबून भरली पाहिजे.

हे काम टर्बो करतो. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंत पुष्कळ ऊर्जा वाया जात असते. त्या वायूंनी एक टरबाइन फिरवावे, आणि त्याच दांड्यावर बसविलेल्या संपीडकाने ताजी हवा दाबून सिलिंडरात भरावी, ही ती युक्ती होय. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. आपल्या महामार्गांवरून धावणाऱ्या मालमोटारींच्या डीझेल एंजिनांतही आज हेच यंत्र बसविलेले आढळते. जीटी-आरच्या एंजिनावर असे दोन टर्बो असून प्रत्येकाच्या वाट्यास तीन सिलिंडर येतात.

दाब वाढला की तितक्याच पटीने हवा वाढते काय? नाही, येथे पहिली वजावट होते. सायकलचा पंप वेगाने मारला असता त्याचे टोक तापते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, आणि संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १२५ अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा विरळ असते. म्हणून दाब दुप्पट होऊनही हवेचे वजन सुमारे दीडपटच वाढते. हीच हवा इंटरकूलरमधून नेऊन ५० अंशांपर्यंत थंड केली, तर वजन सुमारे १.८८ पट होते. इंटरकूलर स्वतः कोणतीही शक्ती उत्पन्न करीत नाही. तो केवळ गळती थांबवितो. या मोटारीस कारखान्यातूनच मोठा इंटरकूलर पुढच्या बाजूस बसविलेला येतो. पहिल्या टप्प्यात त्यावर पैसा घालविण्याचे कारण नाही.

साखळीचे दुवे

आता याच आकड्यांनी इंधनाकडे पाहू. मूळ एंजिनात इंधन फवारणारे सहा इंजेक्टर असून प्रत्येकाची क्षमता मिनिटास सुमारे ४४४ घन सेंटिमीटर आहे. त्यांची झडप उघडण्यास व मिटण्यास काही वेळ लागतो. म्हणून क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच त्यांचा भरवसा धरावा. या हिशेबाने मिनिटास साधारण १.६ किलोग्रॅम पेट्रोल मिळते. पूर्ण शक्तीच्या वेळी एक भाग पेट्रोलास सुमारे बारा भाग हवा असावी लागते. म्हणजे हे पेट्रोल मिनिटास सुमारे १९ किलोग्रॅम, अर्थात सेकंदास सुमारे ३२० ग्रॅम हवेस पुरते.

उलट बाजूने १७० ग्रॅमला १.८८ ने गुणिले तर काय येते? तेही जवळजवळ ३२० च! म्हणजे टर्बोचा दाब १ बारच्या सुमारास पोहोचला की मूळ इंजेक्टरांचे देणे संपते. ढोबळ मानाने हा टप्पा ४०० अश्वशक्तींच्या आसपासचा होय.

टर्बोचीही मर्यादा याच सुमारास येते. टरबाइनचे चाक हलके असावे आणि त्याने झटकन वेग घ्यावा म्हणून ते चिनी मातीच्या जातीच्या कठीण सिरॅमिकचे केले आहे. असे चाक मिनिटास एक लाखाहून अधिक आवर्तने घेते. दाब १ बारच्या पलीकडे नेला की ते दांड्यापासून सुटण्याचे भय असते; आणि सुटलेल्या चाकाची कठीण भुकटी कधीकधी उलट सिलिंडरात ओढली जाते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. चांगले एंजिन ही जवळजवळ सारख्या बळाच्या दुव्यांची साखळी असते. एकच दुवा बळकट केल्याने साखळी बळकट होत नाही. तुटण्याची जागा मात्र बदलते. म्हणून पैसा दुव्यासाठी न राखता साखळीसाठी राखावा.

ठोक्याचे संकट

साखळी तुटते ती बहुधा नॉकिंगमुळे. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरात क्रमाने पसरावी, अशी अपेक्षा असते. परंतु हवा फार तापलेली असली, इंधन कमी पडले किंवा पेट्रोल हलक्या प्रतीचे असले, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप पेट घेते. त्या दणक्याने दट्ट्यावर हातोडीसारखे आघात होतात. प्रथम कड्यांमधील पातळ धातू तडकतो, मग सिलिंडरावर ओरखडे उठतात.

६,८०० आवर्तनांच्या गतीने प्रत्येक सिलिंडरात सेकंदास सुमारे ५७ वेळा ज्वलन होते. चालकाला काहीतरी बिघडल्याची शंका येऊन त्याने पाय उचलेपर्यंत तीन सेकंद गेले, तर दट्ट्याला दीडशेहून अधिक घाव बसलेले असतात. येथे चालकाच्या कानांवर विसंबून चालत नाही, मापकेच हवीत.

आता प्रारंभीच्या त्या लहानशा तुकड्याकडे परत येऊ. तो काढल्याने निरोगी एंजिन लगेच मोडते असे नाही. उत्तम पेट्रोल व धडधाकट पंप असल्यास ते निभावतेही. परंतु आपले एंजिन निरोगी आहे काय, हे ज्याने मोजून पाहिलेले नाही त्याने शक्ती वाढविली नसून केवळ पैज लावली आहे.

प्रथम आरोग्य

आर३२ चे उत्पादन १९९४ पर्यंत चालले. आज यांतील कोणतीही मोटार तीस वर्षांहून जुनी आहे. तेव्हा खर्चाचा पहिला रकाना आरोग्याचा असावा. सहाही सिलिंडरांतील संपीडनाचा दाब मोजावा. सहा आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. झडपा चालविणारा दातेरी पट्टा १,००,००० किलोमीटरांवर बदलावयाचा असतो. तो तुटला तर दट्टे झडपांवर आदळून त्या वाकतात.

वंगण तेलाच्या पंपाचे दुखणे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सुरुवातीच्या एंजिनांत हा पंप फिरविणारा भुजादंडावरील भाग अरुंद होता. उच्च गतीस वारंवार धक्के बसले की पंपाचे चक्र तडकते, आणि तेलाचा दाब जाताच बेअरिंगे जळतात. पंप एंजिनाच्या पुढील भागी दातेरी पट्ट्याच्या मागे असतो. शिवाय पुढच्या चाकांचे डिफरन्शियल तेलाच्या टाकीलाच जोडलेले असते. त्यामुळे या कामासाठी बहुधा एंजिन बाहेर काढावे लागते. मग पंप, पट्टा, पाण्याचा पंप, जुन्या नळ्या आणि क्लच ही सारी कामे एकाच वेळी उरकण्यात शहाणपण आहे. सुट्या भागांच्या किमतीइतकीच मजुरी महाग असते, आणि एकाच दारातून तीनदा जाणाऱ्यास ती तीनदा द्यावी लागते. जुन्या भागांची टंचाई होऊ नये म्हणून निस्सानने २०१७ साली आर३२ चे काही भाग पुन्हा पुरविण्याची योजना सुरू केली, ही मालकांना दिलासा देणारी गोष्ट होय.

शंभर भागांचे अंदाजपत्रक

समजा, एका मालकास ४०० अश्वशक्तींच्या आसपास जावयाचे आहे. त्याच्या जवळच्या पैशाचे आपण १०० भाग करू. पुढील वाटणी हे कोणत्याही दुकानाचे दरपत्रक नव्हे. ती केवळ विचाराची दिशा आहे.

तपासणी व मापके — ५ भाग
आरोग्याची कामे — २५ भाग
पेट्रोलचा पंप व मोठे इंजेक्टर — १५ भाग
नियंत्रक संगणक व त्याची जुळवणी — १० भाग
क्लच — १० भाग
पोलादी चाकांचे टर्बो — २० भाग
राखीव — १५ भाग

या यादीत टर्बोचा खर्च एक पंचमांशच आहे आणि तो जवळजवळ शेवटी येतो, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. हौशी मालक नेमका येथेच उलट चालतो: प्रथम चकाकणारा टर्बो घेतो आणि इंधन, मापके व जुळवणी ‘पुढच्या वर्षी’ ठेवतो. त्या मधल्या वर्षात एंजिन फुटते.

पैसा हप्त्याहप्त्याने येणार असेल, तर प्रत्येक हप्त्यानंतर मोटार सुरक्षितपणे चालण्याजोगी राहील असा क्रम ठेवावा. मापके आणि आरोग्याची कामे एकेकटी करता येतात. मोठे इंजेक्टर मात्र संगणकाच्या जुळवणीशिवाय बसवू नयेत, नाहीतर गरजेहून अधिक पेट्रोल आत जाईल. टर्बो बदलल्यावरही पुन्हा जुळवणी करावी लागते. तिचा खर्च आधीच धरून ठेवावा. राखीव भागास तर हात लावूच नये. जुने एंजिन उघडल्यावर आत काय सापडेल, हे कोणताही कारागीर बाहेरून सांगू शकत नाही.

आणि ४०० च्या पुढे? तेथे हिशेबाचे स्वरूपच पालटते. ६०० अश्वशक्तींचे स्वप्न पाहणाऱ्यास एंजिन पूर्ण उघडून मूळचे ओतीव दट्टे काढावे लागतात व घडीव दट्टे बसवावे लागतात. इंधनाची व वंगणाची सारी व्यवस्था वाढवावी लागते आणि गिअरपेटीचाही विचार करावा लागतो. पहिल्या शंभर अश्वशक्तींपेक्षा पुढची प्रत्येक शंभरी अधिक महाग पडते, आणि एंजिनाचे आयुष्य मात्र कमी होत जाते.

शेवटी कायद्याचाही एक रकाना आहे. जपानात प्रवासी मोटारीस नवी असताना तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाची तपासणी उत्तीर्ण व्हावे लागते. तिच्यात धूर, आवाज, ब्रेक इत्यादींची परीक्षा होते. रस्त्यावर चालविता न येणारी शक्ती खोलीत बंद करून ठेवलेल्या धान्यासारखी होय.

सारांश, अश्वशक्ती विकत मिळते, पण ती सुटी मिळत नाही. तिच्याबरोबर हवा, इंधन, शीतलता, वंगण आणि मोजमाप ही सारी घ्यावी लागतात. हा जमाखर्च जो आधी कागदावर मांडतो, त्याला तो नंतर कारखान्याच्या फरशीवर, फुटलेल्या दट्ट्यांच्या तुकड्यांत मांडावा लागत नाही.