इमॅजिका (मनोरंजन उद्यान)

इमॅजिका हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ, मुंबई व पुणे या शहरांच्या दरम्यान असलेले मनोरंजन उद्यान आहे. चित्रपटनिर्माते मनमोहन शेट्टी यांच्या ॲडलॅब्ज एंटरटेनमेंट या कंपनीने ते उभारले. उद्यान एप्रिल २०१३ मध्ये खुले झाले. पुढे २०१४ मध्ये जलउद्यान आणि २०१५ मध्ये हॉटेल यांची त्यात भर पडली.

आर्थिक इतिहास

उद्यानाच्या उभारणीसाठी मोठे कर्ज घेण्यात आले होते. अशा प्रकल्पात जमीन, इमारती व यंत्रसामग्री यांवरील खर्च पहिले तिकीट विकले जाण्यापूर्वीच होतो. व्याज व देखभाल मात्र गर्दी ओसरली तरी थांबत नाही. प्रामुख्याने कर्जफेडीसाठी कंपनीने मार्च २०१५ मध्ये समभाग विक्रीस काढले. पुरेसा प्रतिसाद न मिळाल्याने मुदत वाढवून किंमतपट्टा २२१–२३० रुपयांवरून १८०–२१५ रुपयांवर आणावा लागला. त्यानंतरही कर्जाचा भार कायम राहिला आणि २०२० च्या टाळेबंदीत उद्यान बंद ठेवावे लागले. २०२२ मध्ये कर्जाची तडजोड होऊन संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनीचे नियंत्रण घेतले.

तुलना

पॅरिसजवळील यूरो डिस्ने (१९९२) हेही कर्जामुळे अडचणीत आले. तेथील नियोजित दुसरे उद्यान लांबणीवर पडून २००२ मध्ये मोजक्या आकर्षणांसह सुरू झाले आणि पुढे त्याच्या विस्तारावर पुन्हा मोठा खर्च करावा लागला. उभारणीतील कपातीने खर्च नेहमीच वाचतो असे नाही. अनेकदा तो केवळ पुढे ढकलला जातो.