बोटं वळली म्हणून हात गेला असं नाही

आमच्या एका गटाच्या बैठकीत एक ताई नेहमी डावा हात पदराखाली ठेवून बसायच्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. भाकरी भाजताना तव्याचा चटका बसून फोड आला, तरी त्यांना कळलं नव्हतं. "वय झालं," म्हणायच्या. वय अडतीस!

तपासल्यावर कुष्ठरोग निघाला. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, त्याच नसेला हे जंतू धरतात. नस सुजली की हाताची जाणीव जाते, ताकद जाते आणि बोटं वळतात. वळलेलं प्रत्येक बोट याच रोगाचं नसतं, पण हात बधिर असेल तर घरी बसू नका.

आता इथे बायका फसतात. एमडीटीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा किंवा बारा महिने घ्यायच्या. त्या जंतू मारतात, बोट सरळ करत नाहीत. नसेची सूज उतरवायला डॉक्टर स्टेरॉइडच्या गोळ्या वेगळ्या देतात. ताकद कमी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्या सुरू झाल्या, तर हात सुधारायची आशा चांगली असते. ताईंची दोन वर्षं लाजेत गेली होती.

मग ऑपरेशन. हातातल्या चांगल्या स्नायूची दोरी वळवून वाकड्या बोटांना जोडतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस अशी ऑपरेशनं सुरू केली. आधी एमडीटी पूर्ण व्हावी लागते आणि बोटं आखडलेली चालत नाहीत. म्हणून रोज हात पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने बोटं हळूहळू सरळ करायची. ऑपरेशननंतर तीन-चार आठवडे प्लास्टर, पुढे कित्येक आठवडे व्यायाम. ताई या व्यायामाला फार कंटाळल्या, पण तो चुकवला तर ऑपरेशन वाया जातं.

बोटं सरळ झाली तरी गेलेली जाणीव ऑपरेशनने येत नाही. तवा, पातेलं फडक्यानेच धरायचं आणि रोज रात्री हात उजेडात बघायचा, कुठे भाजलं-कापलं का.

औषध सुरू झालं की रोग पसरायचं भय लवकरच संपतं. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, असलं काही करू नका.

आशाताईंना हात दाखवा. ऑपरेशन ठरलं तर बुडणाऱ्या मजुरीपोटी सरकारी मदत मिळते, तीही विचारा. बँकेचं पासबुक सोबत न्या.