शेवटून पहिला!

वर्गात कुणी ‘शेवटून पहिला’ आला की आपण हसतो ना? डिसेंबर १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनचा फुटबॉल क्लब तसाच होता. चौथ्या श्रेणीच्या अगदी तळाला, नि हक्काचं मैदानही विकलेलं! तेव्हा स्टीव्ह ग्रिट नवे मॅनेजर झाले. एकेक गुण जमवत त्यांनी संघाला वर आणलं.

३ मे १९९७. हेरेफर्डच्या मैदानावर शेवटचा सामना. हरेल तो लीगबाहेर! ब्रायटनवर आधी स्वयंगोलाची नामुष्की आली. मग बदली खेळाडू राइनेल्टने बरोबरी साधली. दोघांचेही गुण ४७. पण मोसमभरात ब्रायटनचे गोल जास्त, म्हणून तो वाचला. हरलेल्या सामन्यांतले गोलही कामी आले बरं का! हाच क्लब २०१७ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचला.