नागपूरहून डायनोसॉरच्या गावाला: दोन दिवसांचा बेत

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी मला दारातच गाठलं. त्यांची मुलगी कॅलगरीला असते. तिथून दीडेक तासावर ड्रमहेलर नावाचं गाव आहे, आणि शनिवार-रविवारी तिकडची मंडळी मुलांना गाडीत घालून तिथे डायनोसॉर बघायला नेतात. ताई म्हणाल्या, "सर, नातवंडं डिसेंबरात येताहेत. त्यांना आपल्याकडे काय दाखवू? फुटाळा?"

मी त्यांना म्हटलं, पिसदुऱ्याला न्या. ताईंनी हे नावच ऐकलं नव्हतं. तुमच्यापैकीही पुष्कळांनी ऐकलं नसेल, म्हणून आज त्याबद्दलच बोलू. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं यात काय काम, ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट मुलांना घरीच सांगून टाका. ड्रमहेलरला जे दिसतं ते इथे दिसणार नाही. तिथला प्रदेश 'बॅडलँड्स'चा आहे, म्हणजे मऊ खडकांची, पावसापाण्याने चिरत गेलेली उघडीबोडकी जमीन. आपल्याला चंबळचे बीहड माहीत असतात, किंवा भुसावळकडे तापीकाठच्या घळी. डोळ्यांपुढे साधारण तसं आणा. झाडोरा नाही, माती टिकत नाही, त्यामुळे दर पावसात खडकातलं काहीतरी नवीन उघडं पडतं. शिवाय जवळच रॉयल टिरेलसारखं मोठं संग्रहालय. आपल्याकडे वर काळी माती, तिच्यात कापूस, सोयाबीन, तूर. हाडं असलेला थर आहे, पण तो दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या खाली, पातळसा, आणि कडेकडेने कुठे कुठे वर डोकावणारा. त्याला 'लमेटा' म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटाघाट आहे, त्यावरून हे नाव पडलं. वय साधारण साडेसहा ते सात कोटी वर्षं. तेव्हा मुलांना सांगायचं की आपण सांगाडा बघायला नाही, शेत बघायला चाललोय. नाहीतर परतीच्या गाडीत रडारड ठरलेली.

सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथलं संग्रहालय आधी बघून घ्या. सरकारी कारभार आहे, सुट्टीच्या दिवशी दार बंद मिळू शकतं. फोन करून विचारा आणि शक्यतो शुक्रवारीच उरका.

शनिवारी पहाटे वर्धा रोडने निघायचं. बुटीबोरीपाशी पाच मिनिटं थांबा. तिथे बघायला काही नाही, पण गोष्ट सांगायला जागा चांगली आहे. हिस्लॉप कॉलेज आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या नावाने ते आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. स्कॉटिश मिशनरी. शाळा काढली, लोकांच्या भाषा शिकले आणि उरलेल्या वेळात दगड गोळा केले. आपल्या टाकळीचे, मांगलीचे, पिसदुऱ्याचे जीवाश्म त्यांनी आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी जगापुढे आणले. सप्टेंबर १८६३ मध्ये ते टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेले होते. रात्री घोड्यावरून बोरीकडे परतताना नाल्याला पूर आला होता, त्यात ते बुडाले. आपण ज्या रस्त्यावरून ऐंशीच्या वेगाने जातो, त्याच्या शेजारची ही गोष्ट आहे.

पुढे जामला चंद्रपूरचा फाटा धरायचा, की वरोरा येतं. नागपूरहून शंभरेक किलोमीटर. पिसदुरा वरोऱ्याच्या उत्तरेच्या अंगाला आहे, डोंगरगावही त्याच टापूत. डोंगरगावच्या टेकडीवर १९८४ ते ८६ च्या दरम्यान एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडं खणून काढली. कुणी? कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने! आकडेमोडीची संस्था, पण महालनोबिसांनी तिथे भूविज्ञानही रुजवलं होतं. त्या प्राण्याला २००३ मध्ये 'आयसीसॉरस' हे नाव मिळालं, आणि त्यातला 'आयसी' म्हणजे त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं.

पण मला स्वतःला हाडांपेक्षा पिसदुऱ्याचं शेण जास्त मोलाचं वाटतं. हसू नका. तिथे शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. गवत चावताना कधी जीभ चिरली असेल तर आठवा. गवतात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात. झाड कुजलं तरी ते कण उरतात, आणि कोणत्या वनस्पतीचे ते आकारावरून ओळखता येतं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या गोळ्यांत हे कण शोधले आणि २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापलं: यात गवत आहे, तेही निदान पाच प्रकारचं. तोवर समज असा की गवतं फोफावली ती डायनोसॉर संपल्यावर. जुन्या चित्रांत डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढलं तर चित्रकाराची चूक धरत. ती समजूत चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेणाने मोडली. पुढे त्यात भाताच्या कुळातली गवतंही निघाली. भंडारा-गोंदियाच्या मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता एक शंका घ्या. शेण डायनोसॉरचंच कशावरून? त्यावर कुणाची सही तर नाही! उत्तर असं: त्याच थरात, त्याच जागी मोठ्या शाकाहारी डायनोसॉरची हाडं मुबलक आहेत. हे अनुमान आहे. आपल्या न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण घ्या, डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे. धूर हा हेतू, अग्नी हे साध्य, आणि डोंगर हा पक्ष. आम्ही शिकवताना धूर आणि अग्नी यांच्या संबंधावर महिनाभर बोलायचो, डोंगराला दोन मिनिटं द्यायचो. पण समजा कुणी तो धूर बाटलीत भरून घरी आणला. तर कुठे आग आहे म्हणणार? हेतू हातात आहे, पक्ष गेला.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. तिशीत असताना मी या भागातून एक गोळा उचलून आणला. पंचवीस वर्षं तो माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला होता. एकदा घरी एक भूशास्त्रज्ञ मित्र आले, त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "नेमका कुठून? कोणत्या थरातून? शेजारी काय होतं?" मला एवढंच आठवत होतं की ऊन फार होतं. त्यांनी तो हळूच परत कागदांवर ठेवला. आता मी तो नेऊन परत शेतात टाकला तरी उपयोग नाही, कुठे टाकणार?

याच्या उलट उदाहरण जबलपूरचं. ठगांच्या मागे लागलेले स्लीमन, त्यांना तिथे १८२८ मध्ये दोन मणके सापडले. पुढे ते हरवले. पण त्यांची वर्णनं आणि चित्रं छापलेली होती. त्यांच्या आधारे नागपूरचे धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांना २०१२ मध्ये त्यातला एक कोलकात्याच्या संग्रहात ओळखता आला.

म्हणून खिशात काही घालायचं नाही, मुलांनीही नाही. अशा ठिकाणांसाठी कायद्याचा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये मांडला, पण शेतावर पहारा ठेवायला कायदा येत नसतो. दगड दिसला तर शेजारी पेन ठेवून फोटो घ्या, म्हणजे आकार कळतो, आणि फोनवर जागेची खूण ठेवा. शेत कुणाचं तरी आहे, तर आधी विचारा. "काका, जरा बांधावरून बघू का?" एवढं म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही, उलट चहा मिळतो. कापूस उभा असेल तर ओळींत शिरू नका. पीक निघाल्यावरचे थंडीचे दिवस उत्तम. मे महिन्यात चंद्रपूरकडे जाण्याचं साहस मी सुचवणार नाही. पाणी आणि टोपी घ्या, हातोडी घरी ठेवा.

दुपारी भद्रावती, मुक्काम चंद्रपूरला, रविवारी किल्ला बघून परत. सिरोंच्याचं कुणीतरी मघाशी विचारलं. तिकडे वडधमला जीवाश्म उद्यान आहे आणि खडक पिसदुऱ्याहून कितीतरी जुने आहेत, पण ते शनिवार-रविवारचं काम नाही. त्याला चार दिवस काढा.