गाडीचे ऑइल कधी बदलावे आणि बिलात काय पाहावे



बँकेच्या नोकरीत माझा बराच काळ दुसऱ्यांची व्हाउचरे तपासण्यात गेला. आता निवृत्तीनंतर मंडळातील काही जण गाडीच्या सर्व्हिसिंगची बिले मला दाखवायला आणतात. ती पाहून असे वाटते की आपल्याकडे काही जण ऑइल गरज नसताना बदलतात आणि काही जण गरज असूनही बदलत नाहीत. पैसे दोघांचेही जातात.

दुसऱ्या प्रकारची मंडळी आपल्या अळणावरात जास्त. गाडी घरातून निघते ती बाजारात किंवा स्टेशनवर जाते, फार तर देवळात, आणि परत येते. वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर. मग हिशेब असा मांडतात की पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर लिहिले आहे, म्हणजे तीन वर्षे काळजी नाही. पण मारुतीच्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, यांपैकी जे आधी होईल ते, असे आहे. बारा महिन्यांची अट उगाच नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा थोडा भाग पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतो. गाडी धारवाडपर्यंत तीस-पस्तीस किलोमीटर सलग गेली की ऑइल चांगले तापते आणि ओलावा उडून जातो. दोन किलोमीटरच्या फेरीत तो आतच राहतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहा, आतल्या बाजूला कधी कधी सायीसारखा पिवळट थर दिसेल, तो हाच ओलावा. (कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी मेस्त्रीला दाखवावे.) अशा ऑइलात हळूहळू आम्ल आणि गाळ तयार होतो व बारीक वाटा तुंबतात. इंजिन उघडण्याची वेळ आली तर कित्येक वर्षांच्या ऑइलचे पैसे एका दिवसात जातात. म्हणून कमी फिरणाऱ्या गाडीचे ऑइल आणि ऑइल फिल्टर वर्षातून एकदा बदलावेच, शक्यतो पावसाळा संपल्यावर. आठवड्यातून एकदा गाडी लांब फिरवून आणली तर उत्तमच.

याउलट रोज धारवाड-हुबळीला जाणारी तरुण मंडळी. त्यांच्या काचेवर पाच हजारांचे स्टिकर लावलेले असते. अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळातील ती सवय आहे. पुस्तिकेत दहा हजार असेल आणि ऑइल त्यातच सांगितलेल्या ग्रेडचे असेल, तर दर पाच हजारांना बदलण्याचे कारण नाही. खूप धुळीचा रस्ता किंवा कायम जड ओझे असेल तर पुस्तिकेतच वेगळा तक्ता दिलेला असतो, तो पाहावा. ग्रेडही मेस्त्रीच्या अंदाजाने ठरवू नये. ०डब्ल्यू-१६ सांगितले असताना जाड ऑइल घातले तर इंजिन मजबूत होत नाही, पेट्रोल मात्र जास्त लागते.

आता बिल. ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचा वॉशर आणि मजुरी हा मूळ खर्च. बाकी ‘इंजिन फ्लश’, ‘इंजिन ड्रेसिंग’, ‘एसी डिसइन्फेक्शन’ अशा ओळी दिसल्या की पुस्तिकेत ते काम आहे का ते विचारा. नसेल तर जॉबकार्डवर सही करण्यापूर्वीच खोडून घ्या, नंतर वाद घालून उपयोग नसतो. माझ्या एका नातेवाइकाच्या बिलात ऑइल चार लिटर लावले होते, इंजिनात मावते सव्वातीन. उरलेले मागितल्यावर मिळाले! ऑइल स्वतः आणणार असाल तर बिल घ्या, सील पाहा आणि रिकामा कॅन भोसकून टाका. जुन्या कॅनमध्ये भलतेच ऑइल भरून विकणारे आहेत.

वॉरंटीची भीती अनेकांना असते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असे सांगितले होते. काही कंपन्या अपिलात गेल्या. माझा सल्ला व्यवहाराचा आहे. वॉरंटी असेपर्यंत कंपनीकडेच सर्व्हिस करावी, म्हणजे वाद नको. नंतर चांगला मेस्त्री गाठावा आणि प्रत्येक बिल किलोमीटरच्या नोंदीसह फाइलला लावावे. गाडी विकताना तीच फाइल भाव देते.

२०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचे थोडे निराळे आहे. सायलेन्सरच्या वाटेवरची काजळीची गाळणी साफ व्हायला लांब फेरी लागते. ती झाली नाही तर डिझेल ऑइलात उतरते आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणजे ऑइल भरपूर आहे असे समजू नये, ते पातळ झालेले असते. डिपस्टिक महिन्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी पाहावी.

काढलेले जुने ऑइल गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये. वाळवीसाठी खांबांना लावण्याची आपल्याकडची पद्धतही सोडावी, पावसात ते सगळे मातीत उतरते. गॅरेजवाले ते डब्यात साठवून पुनर्वापरासाठी देतात, त्यांच्याकडेच ठेवावे.

ज्यांची पुस्तिका हरवली आहे त्यांना बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळेल. मॉडेल आणि वर्ष तेवढे नीट पाहून उतरवून घ्यावी.