चंदेरी नळीची करामत

बाळगुटीच्या पुडीतले मायफळ आणि काकडशिंगी पुष्कळ घरांत आजही सहाणेवर उगाळली जातात. गंमत अशी, की मायफळ हे फळ नव्हे आणि काकडशिंगी हे शिंगही नव्हे. पहिली ओकच्या जातीतल्या एका झाडावर चिमुकल्या गांधीलमाशीने उठवलेली गाठ. दुसरी हिमालयाकडच्या झाडावर माव्याने उठवलेली. कीटक झाडाच्या कोवळ्या भागात शिरतो, झाडाच्या पेशी त्याच्याभोवती वेड्यावाकड्या वाढतात आणि त्याला घर मिळते. बांधकाम झाडाचे, खर्च झाडाचा, राहणारा मात्र दुसराच!

अशी घरे पाहायला हिमालय गाठायला नको. वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीला तानसेच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. भिवंडी तालुक्यातल्या या गावी माणसे येतात ती अंग शेकायला. त्यांनी परतताना वाटेवरच्या झाडांच्या पानांकडेही पाहावे. आपल्या भागात उंबराच्या पानांवर नेहमी दिसणारे फोड उवांएवढ्या उड्या मारणाऱ्या किड्यांचे असतात. करंजाच्या पानांवरच्या गाठी डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांच्या. आंब्याच्या पानांवर चामखिळीसारखे जे पुटकुळे येतात, ते मात्र एका माशीचे काम. कोकणातले बागायतदार मिजमाशी म्हणतात, ती याच कुळातली.

सेसिडोमाइडी हे या कुळाचे शास्त्रीय नाव. माशी म्हणायची ती केवळ नावाला. दिसायला डासासारखी, लांब पायांची, बहुधा दोन-तीन मिलिमीटरची. आजवर वर्णन झालेल्या जाती सहा हजारांवर आहेत, पण खरा आकडा कितीतरी मोठा असावा. 2016 साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी डीएनएच्या आधारे अंदाज बांधला, की एकट्या कॅनडातच या कुळाच्या सुमारे 16 हजार जाती असाव्यात आणि जगात अठरा लाखांच्या घरात. आपल्याकडे एम. एस. मणी यांनी वनस्पतींवरील गाठींचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ 1964 साली प्रसिद्ध झाला.

हे सारे कुतूहलापुरते राहिले असते, तर प्रश्न नव्हता. पण याच कुळातली एक जात आपल्या ताटातल्या भातावर जगते. तिला शेतकरी गादमाशी म्हणतात. 1889 साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील जेम्स वुड-मेसन यांनी तिचे नामकरण केले.

मादी रात्री भाताच्या पानांवर अंडी घालते, शंभर-दोनशेपर्यंत. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि पानावरच्या दवाच्या ओलाव्यातून सरपटत फुटव्याच्या वाढत्या कोंबापर्यंत पोहोचते. ती पिकाचा फडशा पाडत नाही, रस शोषते. तिच्या लाळेने कोंबाची रीतच बदलते. पान उलगडण्याऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ, रुपेरी नळी वर येते. तिला कोणी पोंगा म्हणतात. आतला कोष अंगावरच्या काट्यांच्या आधाराने नळीत वर चढतो, टोकाशी भोक पाडतो आणि माशी उडून जाते. तिचे आयुष्य दोन-तीन दिवसांचे. पण त्या फुटव्याला लोंबी कधीच येत नाही.

विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भातपट्ट्याला या माशीचा मोठा उपद्रव आहे. ढगाळ, दमट हवा, उशिराची लावणी आणि नत्राचा भडिमार या गोष्टी तिच्या पथ्यावर पडतात. बांधावरचे देवभात तिला हंगामाबाहेर आसरा देते.

खरी अडचण वेळेची आहे. नळी दिसली, की शेतकरी घाबरून फवारा उचलतो. पण नळी दिसली याचा अर्थ तो फुटवा गेला; अळी आत सुरक्षित आहे, नाहीतर माशी उडूनही गेली आहे. शिवाय फवाऱ्याने मरते ती बहुधा आपली मैत्रीण. प्लॅटीगॅस्टर नावाची अगदी बारीक गांधीलमाशी गादमाशीला आतून पोखरते. एका अळीतून तिची अनेक पिल्ले निघतात. म्हणूनच अशा परोपजीवीग्रस्त नळ्या गोळा करून लावणीनंतर खाचरात सोडण्याची शिफारस आहे. त्याने गेलेला फुटवा परत येत नाही, पण माशीच्या पुढच्या पिढीला आळा बसतो.

प्रतिकारक वाण हा दुसरा उपाय. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या साकोली केंद्रात या माशीपुढे वाणांची परीक्षा होते. पण इथेही माशी गप्प बसलेली नाही. भारतात तिचे सात जैवप्रकार ओळखले गेले आहेत. एका मुलखात टिकलेला वाण दुसऱ्या मुलखात हार खातो. तेव्हा बियाणे निवडताना शेजारच्या राज्यातली जाहिरात पाहण्यापेक्षा जवळच्या संशोधन केंद्राला विचारणे बरे. ठाणे-रायगडकडच्या शेतकऱ्याला त्यासाठी कर्जत आहे.

पोटरीत आलेल्या पिकाला गादमाशी फारसे काही करू शकत नाही. धोका असतो तो फुटवे येण्याच्या काळात. म्हणून लावणी वेळेवर करावी, बांध स्वच्छ ठेवावेत, युरिया हात राखून टाकावा आणि लावणीपासून पुढचे काही आठवडे खाचरात रोज एक फेरी मारावी. औषधाच्या दुकानात जाण्याआधीची ही कामे आहेत, आणि त्यांतली बहुतेक बिनखर्चाची आहेत.