पन्नाशीच्या आंत गुडघा बदलावा काय ?

गुडघेदुखी हा म्हातारपणाचा आजार, ही समजूत आपल्या घरांतून इतकी पक्की बसलेली आहे कीं, चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या कोणीं गुडघा दुखतो असें सांगितलें, तर त्यास औषधाच्या आधीं थट्टाच ऐकावी लागते. थट्टा करणाराच्या मनांत वावगें कांहीं नसतें. पण ज्याला जिना उतरतांना कठडा धरल्यावांचून पाऊल टाकवत नाहीं, त्याला या थट्टेवर हंसूं येत नाहीं. अशा माणसानें शस्त्रक्रियेचें नांव काढिलें, तर वडीलधारी मंडळी, शेजारीपाजारी आणि पुष्कळदां घरचे डॉक्टरही एकच वाक्य ऐकवितात : "अजून वय कुठें झालें ? साठीपर्यंत कळ काढा." या वाक्यांत तथ्य किती व नुसती वहिवाट किती, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

मांडीचें हाड व नडगीचें हाड जेथें मिळतात, तेथें दोहोंच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत अस्तर असतें. या अस्तरांत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळें कातडी खरचटली तर जशी भरून येते, तसें हें अस्तर झिजल्यावर पुन्हां भरून येत नाहीं. सामान्यतः ही झीज उतारवयांत जाणवूं लागते. परंतु तरुणपणीं खेळतांना किंवा वाहनावरून पडून गुडघ्यांतील गादी फाटली असेल, अस्थिबंध तुटला असेल, पाय जन्मतः किंवा वाढीच्या वयांत बाहेर वांकलेले असतील, अंगाचा भार फार असेल, तर हीच झीज वीस वर्षें आधीं दारांत उभी राहते. आमवाताची गोष्ट याहून निराळी. त्यांत शरीराची संरक्षणशक्तिच आपल्या सांध्यांवर उलटते, आणि पंचविशी-तिशींतील मुलींनाही तो सोडीत नाहीं. त्यावर मेथोट्रेक्सेटसारखीं औषधें आहेत व तीं वेळेवर सुरू झालीं तर सांधे वांचवितां येतात. म्हणून सकाळीं तास-तासभर सांधे आखडत असतील व बोटें सुजत असतील, तर तेल चोळीत न बसतां रक्त तपासून घ्यावें, एवढें येथें बजावून पुढें जातों.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबाची हकीकत देण्यासारखी आहे. घरांत सासूबाई बाहत्तर वर्षांच्या. त्यांचे दोन्ही गुडघे कांहीं वर्षांपूर्वीं बदलण्यांत आले, आणि त्या रोज सकाळीं देवळापर्यंत जाऊन येतात. थोरल्या सूनबाई सत्तेचाळीस वर्षांच्या, शाळेंत शिक्षिका; दिवसाचे पांच तास फळ्यापुढें उभें राहावयाचें, आणि घरीं आल्यावर ओट्यापुढें. पाय धनुष्याप्रमाणें वांकलेले, उजवा गुडघा आंतल्या अंगानें झिजलेला, रात्रीं कूस बदलतांना दुखण्यानें जाग यावयाची. बाईंनीं दोन वर्षें नेमानें व्यायाम केला, वजन सात किलोंनीं उतरविलें, पण दुखणें हटलें नाहीं. घरांत विचारविनिमय झाला व ठरलें काय, तर साठीपर्यंत थांबावें आणि फारच त्रास झाला तर नोकरी सोडावी ! तेव्हां बोलल्या त्या सासूबाईच. "मला पाय करून दिलेत ते देवळांत जायला. हिला तर अजून सगळा संसार ओढायचा आहे. मग पायांची गरज आधीं कुणाला ?" या प्रश्नाला घरांतील सुशिक्षित पुरुषमंडळींपाशीं उत्तर नव्हतें. तें शोधावयाचें तर वयाचा हा दंडक मुळांत आला कोठून, हें पाहावें लागतें.

कृत्रिम गुडघ्याची कल्पना तशी जुनी आहे. १८९० मध्यें बर्लिन येथें थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनीं हस्तिदंती बिजागरीचा गुडघा बसविण्याचा प्रयोग केला. परंतु क्षयानें पोखरलेल्या सांध्यांत तो टिकला नाहीं. त्यानंतर धातूच्या बिजागऱ्या आल्या, त्याही सैल होत. गुडघा हा कडीकोयंड्याप्रमाणें नुसता मिटत-उघडत नाहीं, तो सरकतो व किंचित् वळतोही. हें ध्यानीं घेऊन बिजागरीवांचूनचा सांधा कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांनीं १९६८ मध्यें पुढें मांडला. ते इंग्लंडांत खुब्याचा सांधा बदलण्याच्या विद्येचे जनक जॉन चार्न्ली यांच्या हाताखालीं काम करीत होते. आज जो गुडघा बसवितात, त्याचा खरा पूर्वज मात्र १९७४ मध्यें न्यूयॉर्क येथें जॉन इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केला. त्या सहकाऱ्यांत मूळचे भारतीय असलेले डॉ. चित्तरंजन राणावत हे एक होते. त्याच राणावतांनीं २००० सालच्या ऑक्टोबरांत मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला. पुढल्या वर्षीं उजवाही बदलण्यांत आला. घरोघर या शस्त्रक्रियेचें नांव झालें तें त्या वेळीं. आणि वाजपेयी त्या समयीं पंचाहत्तरीचे असल्यामुळें ही वृद्धांनीं करावयाची गोष्ट, हेंही बरोबरीनें ठसलें असावें.

शस्त्रक्रियेंत गुडघा सबंध काढून टाकीत नाहींत. हाडांच्या टोकांवरील झिजलेला पापुद्रा कापून मांडीच्या हाडावर धातूची टोपी व नडगीवर धातूची तबकडी बसवितात, आणि दोहोंच्या मध्यें पॉलिएथिलीन नांवाच्या प्लॅस्टिकची चकती ठेवतात. वयाचा दंडक निघाला तो या चकतीवरून. ती घांसून तिचे सूक्ष्म कण निघतात, त्या कणांशीं झगडतांना शरीर भोंवतालचें हाडही खाऊं लागतें, आणि सांधा सैल होतो. जुन्या काळीं दहा-बारा वर्षांचीच खात्री देतां येत असे. तेव्हां सत्तरीच्या माणसास एक गुडघा जन्माला पुरेल, पंचेचाळिशीच्यास पुरणार नाहीं, हा हिशेब बरोबरच होता. चूक झाली ती एवढीच कीं, प्लॅस्टिक सुधारलें तरी हिशेब पुन्हां मांडला गेला नाहीं.

नवा हिशेब असा आहे. ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथील राष्ट्रीय नोंदवह्या तपासून २०१९ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकीं शेंकडा ८२ गुडघे २५ वर्षें टिकतात. हा आंकडा ऐकून कोणासही हुरूप येईल. पण त्याच नियतकालिकांत २०१७ मध्यें आलेला दुसरा आंकडा सोबत वाचला पाहिजे : सत्तरीनंतर शस्त्रक्रिया करणारांस जन्मांत पुन्हां ती करावी लागण्याचा संभव शेंकडा सुमारें ५, तर पन्नाशीच्या आरंभीं करणाऱ्या पुरुषांत तोच शेंकडा ३५ पर्यंत जातो. स्त्रियांत तो बराच कमी आहे. शिवाय साठीच्या आंत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं ज्यांना दुसरी करावी लागली, त्यांतील निम्म्यांवर ती पाळी पहिल्या साडेचार वर्षांतच आली. इतक्या लवकर प्लॅस्टिक झिजत नाहीं. जंतुसंसर्ग, सैलपणा, ताठरपणा किंवा न शमलेलें दुखणें, हीं तेथें कारणें असतात. आणि दुसरी शस्त्रक्रिया ही पहिलीची पुनरावृत्ति नव्हे. हाड कमी उरलेलें असतें, लांब दांड्यांचा सांधा घालावा लागतो, जंतुसंसर्गाचें भय वाढतें, व तो सांधा पहिल्याइतका टिकतही नाहीं.

आणखी एक गोष्ट जाहिरातींतून कोणी सांगत नाहीं. गुडघा बदललेल्या दर पांच जणांपैकीं सुमारें एक जण आपण पूर्ण समाधानी नाहीं असें सांगतो. ज्यांच्या क्ष-किरणांच्या चित्रांत झीज थोडी व दुखणें मात्र फार, त्यांच्यांत अशा असमाधानी लोकांचा भरणा विशेष असतो. म्हणून तरुण वयांत चित्रांत हाडाला हाड लागलेलें दिसत नसेल, तर सुरीची घाई करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तर मग आधीं काय करावें ? मांडीच्या पुढल्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन, या दोन गोष्टी इतक्या साध्या आहेत कीं, त्यांवर कोणाचा विश्वास बसत नाहीं. अंगाचें वजन एक किलो उतरलें तर चालतांना दर पावलास गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो, असें २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत मोजलें गेलें आहे. डेन्मार्कमध्यें शस्त्रक्रियेस पात्र ठरलेल्या १०० रुग्णांचे दोन गट केले. एका गटास शस्त्रक्रिया व व्यायामादि उपचार, दुसऱ्यास नुसते ते उपचार. २०१५ मध्यें जाहीर झालेला निकाल मोठा उद्बोधक आहे. शस्त्रक्रियेचा गुण निःसंशय अधिक आला, गंभीर उपद्रवही अधिक झाले. पण दुसऱ्या गटांतील जेमतेम चौथ्या हिश्शालाच त्या वर्षांत शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटली. उलटपक्षीं, दुर्बिणीनें गुडघा धुऊन काढण्याचा जो उपाय एके काळीं सर्रास चाले, त्यापासून खोट्या शस्त्रक्रियेइतकाच गुण येतो, हें २००२ मध्यें अमेरिकेंत सिद्ध झालें. औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचीही कथा फारशी निराळी नाहीं. तेलाच्या शेकानें बरें वाटतें. तें अवश्य घ्यावें, पण त्यानें कूर्चा उगवेल अशी आशा धरूं नये.

संपूर्ण गुडघा बदलणें आणि कळ काढणें यांच्या मधोमधही वाटा आहेत, व तरुण रुग्णानें त्यांची चौकशी आवर्जून करावी. झीज आंतल्याच बाजूस असेल व पाय वांकलेला असेल, तर नडगीचें हाड गुडघ्याखालीं कापून पाय सरळ करतात. मग शरीराचा भार चांगल्या बाजूवर पडतो व स्वतःचा सांधा राहतो. किंवा झिजलेली तेवढी अर्धीच बाजू बदलतात. वर सांगितलेल्या सूनबाईंस शस्त्रवैद्यांनीं पहिला मार्ग सुचविला. पुढेंमागें सबंध गुडघा बदलावा लागेल, परंतु मध्यंतरीं दहाएक वर्षें मिळावींत, असें त्यांनीं मोकळेपणीं सांगितलें. चार महिन्यांनीं बाई शाळेंत रुजू झाल्या.

सर्वांनाच हा मार्ग खुला नसतो. आमवातानें सांध्याच्या सर्व बाजू खाल्ल्या असतील, किंवा जुन्या अपघातानें गुडघा पार बिघडला असेल, तर हाड सरळ करून वा अर्धा सांधा बदलून भागत नाहीं. तेथें वय तिशीचें असो वा पंचेचाळिशीचें, संपूर्ण गुडघा बदलणें हाच उपाय उरतो. आणि तो लांबविण्यास मोल पडतें, हें कळ काढा म्हणणारांच्या ध्यानांत येत नाहीं. दुखतें म्हणून चालणें सुटतें, त्यामुळें मांडी रोडावते, वजन वाढतें, मधुमेह डोकावतो, गुडघा अर्धवट वांकलेलाच राहूं लागतो. अगदीं लाचार होऊन शस्त्रक्रियेस गेलेल्याचा पाय, वेळेवर गेलेल्याच्या पायाइतका पुढेंही सुधारत नाहीं. पंचेचाळीस ते साठ हीं पंधरा वर्षें म्हणजे मुलांचीं शिक्षणें, कार्यें, नोकरींतील बढती आणि वडिलांचें आजारपण यांचीं वर्षें. तीं खुर्चींत बसून काढावयाचीं, तीं कशासाठीं ? तर सत्तरीला दुसरी शस्त्रक्रिया टळावी म्हणून. हा सौदा कोणाला पटेल, कोणाला पटणार नाहीं. पण तो ज्याचा गुडघा त्यानें करावयाचा आहे, इतरांनीं नव्हे.

आपल्या चालीरीतींचा एक प्रश्न राहतो. नवा गुडघा साधारणतः ११० ते १२० अंशांपर्यंत वांकतो. खुर्चीवर बसणें, जिना चढणें, यांस तो पुरतो. उकिडवें बसण्यास त्याहून बराच अधिक वांक लागतो, आणि पाटावर मांडी घालून बसण्यास डॉक्टर बहुधा मना करतात. जेवणासाठीं टेबल आतां बहुतेक घरांत आलेंच आहे. परंतु पूजेचा पाट, मंगळागौर, श्राद्धाची पंगत, सूर्यनमस्कार यांचा विचार आधीं करून ठेवावा. देवापुढें स्टूल ठेवून पूजा केली तर देव रागावेल असें आम्हांस वाटत नाहीं. सासरीं मात्र कोणी कुजबुजणार नाहीं, एवढी दक्षता घरांतील वडील स्त्रियांनीं घ्यावी.

खर्चाचा बोजा पूर्वींपेक्षां हलका झाला आहे. ऑगस्ट २०१७ मध्यें केंद्र सरकारनें कृत्रिम गुडघ्यांच्या किंमतींवर मर्यादा घातली. तोंपर्यंत जो साधा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा दीड लाखाच्या पुढें पडे, त्याची कमाल किंमत त्या वेळीं कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. रुग्णालयाचें व शस्त्रवैद्याचें बिल अर्थातच निराळें. भेटीस जातांना विचारावयाचें तें हें : झीज किती बाजूंस आहे, माझ्या वयाच्या किती जणांचे गुडघे तुम्हीं केलेत, आणि दुसऱ्यांदा करावयाची वेळ आली तर तें काम तुमच्याकडे होतें काय ?

शस्त्रक्रियेच्या दिवशींच किंवा दुसऱ्या दिवशीं रुग्णास चौकटीच्या आधारानें उभें करतात, व त्याच दिवसापासून गुडघा वांकविण्याचा व्यायाम सुरू होतो. तो दुखतो, पण टाळला तर गुडघा आखडतो. घरीं कमोड हवा, निसरड्या पायपुसण्या काढलेल्या हव्या, न्हाणीघरांत धरावयास दांडी हवी. पहिले सहा आठवडे स्वयंपाक, पाणी, मुलांचे डबे हें सर्व इतरांनीं उचलावयाचें असतें. आणि रुग्ण जर घरची सून असेल, तर कोणत्या दिवशीं कोणी काय करावयाचें, तें रुग्णालयांत जाण्यापूर्वींच कागदावर लिहून भिंतीला लावून ठेवावें.